गच्चीवरच्या बादल्या

मुलगी नेमकं काय शिकते, हे मला चार वर्षं कुणाला धड सांगता आलं नाही. रसायन, वनस्पती, भूशास्त्र, संख्याशास्त्र, सगळं एकाच डिग्रीत. शेजारच्या गुजराती बेन विचारायच्या, "भाई, दीकरी डॉक्टर थशे के एंजिनियर?" मी नुसता हसून जिना चढायचो. माझी बहीण एकदा दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आली, तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे उंधियुंच की! सगळ्या भाज्या एका मडक्यात." मुलगी म्हणाली, "हो आत्या, आणि ते मडकं उलटं पुरावं लागतं." सगळे हसले, मीही हसलो. पण मी काम करतो त्या प्लांटमध्ये केमिस्ट असतो, फिटर असतो, इलेक्ट्रिशियन असतो. उंधियुंवाला कुणी नसतो.

शेवटच्या वर्षी गणपतीत तिने प्रयोग मांडला. गल्लीतल्या घरांमधून लहान मूर्ती मागून आणल्या. काही नुसत्या शाडूच्या, काही रंगवलेल्या. प्रत्येक मूर्तीची आरती करून गच्चीवर वेगवेगळ्या बादलीत विसर्जन केलं. रंगातलं शिसं पाण्यात किती उतरतं आणि मातीत किती बसतं, हे तिला बघायचं होतं. अधूनमधून बाटल्या भरून ती कॉलेजला न्यायची.

त्याच सुमारास मी ओळखीने तिच्यासाठी दहेज गावाकडच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये मुलाखत ठरवली.

"बाबा, आत्ता नाही जमणार. बादल्या सोडून कशी जाऊ?"

"बादल्यांसाठी नोकरी सोडतेस?"

"नोकरी कुठे आहे अजून? मुलाखत आहे."

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेली आणि मी गच्चीवर जाऊन बादल्या रिकाम्या केल्या. रागाने केल्या की तिच्या भल्यासाठी, मला अजून उलगडत नाही. देवाचं पाणी इतके दिवस उघड्यावर बरं नाही, असंही मी मनाला सांगितलं होतं. शाडूचं पाणी कुंड्यांत घातलं. रंगीत पाण्यापाशी हात थांबला. बायकोच्या जास्वंदी मरतील, असं वाटलं. ते सगळं मी गच्चीच्या मोरीत ओतलं.

विसर्जनाचं पाणी, मोरीत. आमच्याकडे निर्माल्यातलं फूलसुद्धा झाडाच्या बुंध्याशीच जातं. म्हणून संध्याकाळी गच्चीवर मायलेकी समोर उभ्या राहिल्या आणि बायकोने घाबरून विचारलं, "कुठे ओतलंत?", तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "कुंड्यांत. दुसरीकडे कुठे ओतणार?"

"मग ठीक," बायको म्हणाली आणि खाली गेली.

मुलगी रडली नाही. मला तिचं रडणं परवडलं असतं. तिने विचारलं, "कुठल्या बादलीचं कुठल्या कुंडीत?" मी बोट दाखवत गेलो, हे इथे, ते तिथे. ती कुंड्यांवर चिकटपट्ट्या लावत गेली.

मुलाखतीला ती गेलीच नाही. कुंड्यांतली माती तपासू लागली. आधीच्या बाटल्यांवरून बादल्यांमध्ये किती शिसं होतं, ते तिला माहीत होतं. कुंड्यांमध्ये ते सापडेना. पानांत नाही, मुळांत नाही. जेवताना म्हणायची, "बाबा, शिसं गेलं कुठे?" मी आमटी वाढून घ्यायचो. ती भूशास्त्राच्या सरांकडे गेली, वनस्पतीच्या बाईंकडे गेली, आकडे मांडून बसली. तेव्हा कुठे मला कळायला लागलं की तो सगळा एकाच डिग्रीतला पसारा एका प्रश्नाभोवती कसा उभा राहतो. आणि तो प्रश्नच मी बनवलेला होता.

त्याच प्रश्नावर तिला एका संशोधन संस्थेत पीएचडीला घेतलं. पेढे वाटले. बहीण म्हणाली, "शिजलं गं तुझं उंधियुं!" आणि मुलगी येईल त्याला सांगत होती, "बाबांनी बादल्या ओतल्या नसत्या, तर हा प्रश्न मला पडलाच नसता." लोक माझी पाठ थोपटत होते. तो पेढा मी कसा गिळला, ते मलाच ठाऊक.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ती त्या कुंड्यांमधली माती पिशव्यांत भरत होती. सोबत न्यायला. पुढची पाच-सहा वर्षं ही पोर नसलेली गोष्ट शोधणार होती.

"भरू नकोस," मी म्हणालो. "रंगीत पाणी यात नाहीच. मी मोरीत ओतलं होतं. तू मुलाखतीला जावंस म्हणून. आणि तुला दाखवलं ते खोटं दाखवलं."

तिने हातातली पिशवी खाली ठेवली.

"सगळं?"

"रंगीत सगळं."

"पीएचडीच्या मुलाखतीत मी ते आकडे छातीठोकपणे सांगितले, बाबा." मग फोन घेऊन ती जिन्यात जाऊन बसली आणि तिच्या होणाऱ्या गाइड मॅडमना तिने सगळं सांगितलं. मी गच्चीवरच उभा. आमच्याकडे खोटं रीडिंग टाकलं की मेमो मिळतो, माणूस घरी बसतो. तिची जागा गेली, असंच मी धरून चाललो होतो.

ती परत आली. "जागा आहे. जुना विषय गेला. पहिल्या पानावर ही चूक लिहायला सांगितलीय, आणि मग पुढे काय करायचं ते नव्याने ठरवू म्हणाल्या."

चुकीवर जागा कशी टिकते, ते मला समजलं नाही. तिला विचारायचीही हिंमत झाली नाही. ती रागावली होती का, तेही कळेना. तिने एवढंच विचारलं, "या मोरीचा पाइप कुठे उघडतो?"

"मागच्या चौकात. पेरूपाशी."

ती चमचा आणि रिकाम्या पिशव्या घेऊन निघाली. जिन्यातून वळून म्हणाली, "आईला मी सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोने तिला पेरूखाली ओणवी बसलेली पाहिलं. "अहो, उद्या निघायचंय आणि ही चिखलात काय करतेय?"

मी गॅस बंद केला. "बस जरा," म्हणालो. "त्या बादल्यांचं सांगायचंय."