इंजिन गार होईपर्यंत

आमच्या रेडिएटर दुरुस्तीच्या दुकानात आलेल्या माणसाला घाई असून उपयोग नसतो. गाडी उकळलेली असली की इंजिन गार झाल्याशिवाय रेडिएटर उघडायचा नाही, हा आप्पांचा नियम. उघडला तर वाफ सरळ तोंडावर येते. मग गिऱ्हाईक बाकड्यावर बसतं, मी चहा सांगते, आणि घरात जे कधी सांगितलं नसेल ते माणूस तासाभरात सांगून जातो. लग्न होऊन सांगलीजवळ कुपवाडला आल्यापासून मी या काउंटरवर आहे. किस्से गोळा करायला मला कुठं जावं लागलं नाही, ते तापून दारात येतात.

आप्पा म्हणजे माझे सासरे. मिलिटरीत गाड्यांच्या वर्कशॉपला होते, रिटायर होऊन आले आणि हे दुकान टाकलं. तेव्हा रेडिएटर तांब्या-पितळेचे असत, गळलेल्या जागी डाग दिला की वर्षानुवर्षं चालत. आता बाजारात जे स्वस्तातले डुप्लिकेट मिळतात ते अ‍ॅल्युमिनियमचे, वर प्लॅस्टिकची टाकी चिकटवलेली. आप्पा त्यांना 'डबा' म्हणतात. माझा नवरा संपत ते डबे बसवतो आणि आप्पा ते गळायची वाट बघतात. फार बघावी लागत नाही.

*

तासगावच्या एका सरांना कुणीतरी सांगितलं, गळक्या रेडिएटरात चिमूटभर हळद टाकली की भोक बुजतं. सरांनी विचार केला, एवढी मोठी गाडी, चिमटीनं काय होणार? आणि आपल्या भागात हळदीला काय तोटा? त्यांनी अर्ध्या किलोचा पुडा ओतला. गळती थांबली खरी, कारण आत पाणी फिरायचंच थांबलं.

आप्पांनी खालचा पाइप काढला तसा पिवळा लोट गटारापर्यंत गेला. फरशी पिवळी, संपतचे हात पिवळे, दुपारी पावती लिहिताना बघते तर माझीही बोटं पिवळी. समोरच्या दुकानातली बाई येऊन विचारून गेली, घरात काही कार्य आहे का.

सर बिचारे ओशाळून उभे. आप्पांनी हात पुसले आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "सर, हळद तर लागली. अक्षता कवा हायत?"

*

हळदीचा भाऊ म्हणजे अंडं. हायवेवर गाडी अडली की कुणीतरी हमखास सांगतं, अंड्यातलं पांढरं टाका, गरम पाण्यात शिजतंय आणि भोकात बसतंय.

इस्लामपूरकडचा एक तरुण वडिलांना घेऊन आला. वडील माळकरी, धोतर-टोपी, कपाळाला बुक्का. वाटेत वडील झाडाखाली बसलेले असताना पोरानं दोन अंडी रेडिएटरात फोडली होती. आता संपतनं रेडिएटर उतरवला तर आतून पांढऱ्या शेवया यायला लागल्या, आणि वासाबद्दल तर बोलायलाच नको. पोरगा वडिलांच्या पाठीमागून आम्हाला हात जोडून दाखवत होता, बोलू नका म्हणून.

संपत खोटं बोलण्यात कच्चा. रबर जळलंय, असं काहीतरी पुटपुटला. म्हातारबांनी एकदा नाकानं वास ओढला. मग पोराकडं न बघताच म्हणाले, "माळ मी तिसाव्या वर्षी घातलीया. त्याच्या आदी ऑम्लेटच खात हुतो. रबर न्हवं."

*

कंपनीत नोकरीला असलेला एक इंजिनिअर नवाकोरा रेडिएटर घेऊन आला. मोबाईलवरून मागवलेला, आमच्या भावापेक्षा कमी, आणि खोक्यावर एक वर्षाची वॉरंटी. त्याला तेवढी फिटिंग करून हवी होती.

आप्पा म्हणाले, बसवायच्या आधी टेस्ट करू. आमच्या टेस्टला मशीन लागत नाही. तोंडं बंद करायची, हवा भरायची आणि हौदात बुडवायचं. बुडबुडा आला तर भोक. तो रेडिएटर बुडवला आणि हौदाला उकळीच फुटली. आप्पा खुर्ची ओढून बघत बसले. इतकं खूश मी त्यांना नातवाच्या बारशालाच पाहिलं होतं.

इंजिनिअरनं तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. नंबर विचारला, पत्ता विचारला, मग विचारलं, सर, प्रॉडक्टचा पाण्याशी संपर्क आला होता का? हा म्हणाला, हो, टेस्टसाठी. ती म्हणाली, सॉरी सर, मग वॉरंटी लागू होत नाही.

इंजिनिअर फोनकडं बघत राहिला. आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कोरडा ठेव गड्या. वर्षभर टिकंल."

*

आता आमची स्वतःची. माझं माहेर साताऱ्याच्या वर, कासच्या वाटेला. चुलतबहिणीच्या साखरपुड्याला आम्ही आमच्या दुकानाच्या व्हॅनमधून निघालो. व्हॅनच्या दोन्ही अंगाला पिवळ्या अक्षरात रंगवलंय, 'गळती कायमची बंद'.

यवतेश्वरचा घाट अर्धा चढलो आणि बॉनेटमधून वाफ. संपतनं आदल्या दिवशी आमचाच रेडिएटर उतरवून गिऱ्हाइकाला दिला होता आणि व्हॅनला शेल्फवरचा एक डबा लावला होता. आप्पांना हे तिथं घाटात कळलं. ते नुसते खाली उतरून दरीकडं तोंड करून उभे राहिले.

फुलांचे दिवस, पुण्याच्या गाड्यांची रांग. प्रत्येक गाडी आमच्याजवळ आली की सावकाश व्हायची, आतली माणसं अक्षरं वाचायची, वाफ बघायची आणि हसायची. संपतनं मला विनवलं, तू जरा त्या अक्षरांसमोर उभी राहा, पदर पसरून. पैठणी नेसलेली मी रस्त्याच्या कडेला पदर पसरून उभी, शेजारी आप्पा दरीकडं बघतायत. हे बघून एक गाडी थांबली, तिच्या मागं दुसरी, मग तिसरी. लोक उतरून दरीचे फोटो काढायला लागले. एका बाईंनी सेल्फी घेत मला विचारलं, ताई, हा कुठला पॉइंट?

मी काही बोलायच्या आत आप्पा मागं न वळता म्हणाले, "उकळी पॉइंट."

*

वाईचे एक गुरुजी सांगलीत वास्तुशांतीला निघाले होते. कराडच्या पुढं गाडी तापली. जवळ पाणी नाही, पण डिकीत काशीहून आणलेले गंगाजलाचे एकवीस सीलबंद गडू होते, यजमानांना द्यायला. गुरुजींनी मनातल्या मनात क्षमा मागून एकवीसही ओतले आणि आमच्यापर्यंत पोचले.

रेडिएटर उतरवायचा म्हणजे आधी आतलं पाणी सोडायचं. आप्पा म्हणाले, गंगा मी गटारात सोडणार न्हाई. त्यांनी स्वच्छ बादली मागवली, चप्पल काढली, आणि बादली भरल्यावर ती खाली कुठं ठेवावी ते सुचेना म्हणून तशीच हातात धरून उभे राहिले. तुळशीला घालावं तर त्यात गंज आणि तेल. गुरुजींनी डोळे मिटून बराच विचार केला. मग निर्णय दिला, की इंजिनातून फिरून आल्यावर ते गंगाजल राहिलं नाही, आता ते साधं पाणी.

आप्पांनी बादली या हातातून त्या हातात घेतली. "गुरुजी, ह्यो विचार बादली अर्धी हुती तवा करायचा की वं."

*

आणि हा बिरूमामांचा. दहिवडीकडचे, मेंढरं राखत आयुष्य गेलेलं, आता थोडी डाळिंबं आहेत आणि एक पिकअप गाडी. लेक मिरजेत दिलेली. तिला मुलगा झाल्यापासून नवरा-बायको दर रविवारी नातवाला बघायला येत. गाडीत कुठल्याशा गॅरेजनं नवा डबा बसवला होता, टाकीच्या जोडातून थेंब थेंब गळणारा.

इंजिन गार होईपर्यंत त्यांची बायको, हौसाबाई, माझ्याजवळ बसल्या आणि हळूहळू सांगायला लागल्या. त्यांचं माहेर मायणीच्या जवळच्या एका वस्तीवर, अगदी रस्त्याला लागून. तिथं त्यांचा भाऊ राहतो. घरच्या एका लग्नात भावानं मानाचा फेटा आधी दुसऱ्या जावयाला बांधला, तेव्हापासून नऊ वर्षं बिरूमामा मेव्हण्याशी बोलले नव्हते. आणि गाडी नेमकी त्याच वस्तीपाशी तापायची.

पहिल्या रविवारी हौसाबाई कॅन घेऊन बोअरवर गेल्या. भावानं न बोलता भरून दिला. बिरूमामा गाडीत, तोंड दुसरीकडं. पुढच्या रविवारी भावानं कॅन स्वतः गाडीपर्यंत आणला. त्याच्या पुढच्या रविवारी दोघं बॉनेटच्या दोन बाजूंना उभे राहिले, रेडिएटरकडं बघत. भावानं विचारलं, गार झालं का. बिरूमामा म्हणाले, झालं असंल. नऊ वर्षांत एवढंच.

हे सांगताना हौसाबाईंनी दोनदा डोळे पुसले; आप्पा हौदापाशी ऐकत होते. त्या दिवशी आप्पांनी रेडिएटर बदलून दिला, खणखणीत. थेंब नाही.

तीन आठवड्यांनी बिरूमामा एकटेच आले. बायकोला लेकीकडं सोडून आले होते. बाकड्यावर बसले, दोन चहा घेतले. आप्पांनी विचारलं, गळतंय का? न्हाई. तापतीय का? न्हाई. मग?

बिरूमामा रस्त्याकडं बघत म्हणाले, "गाडी थांबतच न्हाई आता, आप्पा. बिनकामाचं कुणाच्या दारात कसं थांबायचं?"

आप्पा गाडीपाशी गेले. या दारातून थेंब गळणारी गाडी त्यांनी कधी बाहेर जाऊ दिलेली नाही. त्यांनी संपतकडून स्क्रू ड्रायव्हर घेतला, बॉनेट उघडलं, पाइपाची क्लिप अर्धा आटा सैल केली, आणि पहिला थेंब पडेपर्यंत वाकून खाली बघत राहिले. मग बॉनेट लावलं.

"मायणीच्या अलीकडं पाणी लागंल बघ."