शाळेच्या भिंतीचा चुना

परवा शहरात द्वारका चौकाजवळ निवडणुकीसाठी कुणी भिंत रंगवत होतं. ओल्या चुन्याचा गार वास आला आणि मी थेट सिन्नरकडच्या आमच्या गावात, शाळेपुढच्या उन्हात जाऊन उभा राहिलो.

तेव्हाही निवडणूक होती. पक्षाची निशाणी काढायला पुढाऱ्याच्या माणसांनी शाळेची भिंत पांढरी केली होती. शाळेला मास्तर नव्हता. आमची पोरगी घरीच बसून होती. माझी बायको आली आणि त्या ओल्या भिंतीला पाठ लावून खाली बसली. रंगारी ब्रश धरून तसाच उभा.

"आधी मास्तर आणा, मग निशाणी काढा," ती म्हणाली.

पुढारी हसला. "वहिनी, मास्तर काय मी खिशात घेऊन फिरतो?"

"आमची मतं घेऊन फिरता की. मी नाय उठायची."

ऊन कललं, सावली तिच्या पायाशी आली, ती हलली नाही. नवं हिरवं लुगडं नासलं म्हणून मी घरी लय चिडलो.

मास्तर आला. पोरगी शिकली. यंदा बायको गेली. लुगडं पेटीत आहे. पाठीवर चुन्यानं रंग खाल्लाय, तेवढ्या जागेवर मी हात ठेवून बसतो.