निळी खुर्ची दाराबाहेर

डॉ. सुनंदा पिंगळीकर यांचे गेल्या महिन्यात, एका सोमवारी सकाळी परभणीत निधन झाले. माणसांवरील संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीच्या त्या सचिव होत्या. मी तिथे डॉक्टर नसलेला सदस्य. बातमी आली तेव्हा पुढच्या बैठकीचा विषय ठरलेला होता, आणि तो त्यांचाच होता.

काही वर्षांपूर्वी सेलूच्या कापूस जिनिंगमधील कामगार स्त्रियांच्या फुप्फुसांचा अभ्यास सुरू झाला. संमतीला साक्षीदार हवा, एवढेच तेव्हाचा नियम सांगत असे. साक्षीदार म्हणून प्रत्येक वेळी मुकादमच उभा राही. सुनंदाताई पाहणीला गेल्या, मी सोबत होतो.

"डाक्टरीणबाई, माज्या बाया हायत. मी हो म्हनलं की झालं," मुकादम म्हणाले.

"सुई तुमच्या दंडात टोचायची आहे का? मग बसा बाहेर. चहा पाठवते."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. ताईंनी गाडीतली निळी घडीची खुर्ची काढून दाराबाहेर मांडली. आत कलाबाई नावाच्या कामगार स्त्रीला त्यांनी विचारले, "काय समजलं, तुमच्या शब्दांत सांगा."

"कापसाचा फुफाटा छातीत किती गेला, ते बघायलाव तुमी."

त्यावर कलाबाईंनी होकार दिला. पुढच्या बैठकीत नियम बदलला: काम देणारा माणूस साक्षीदार नसेल, आणि संमती देणारी व्यक्ती आपल्या शब्दांत सांगेल. निळी खुर्ची त्यानंतर प्रत्येक पाहणीला गाडीत असे. मुकादमाचा मान राखायचा, पण दाराबाहेर, असे त्या म्हणत.

यंदा दुसऱ्या एका गटाने त्या अभ्यासात बायांकडून घेऊन साठवलेले रक्त आनुवंशिक आजारांच्या अभ्यासासाठी मागितले. साठवलेल्या नमुन्यांबद्दल आमचा नियम काहीच बोलत नव्हता. ताईंनी दुरुस्ती मांडली: नवा हेतू, तर नवी संमती. तेव्हा त्यांचे उपचार चालू होते, आवाज बसला होता.

"मॅडम, रक्त तर आपल्याकडंच हाय. परत सेलूला कशाला जायचं?" एका सदस्याने विचारले.

"रक्त आपल्या फ्रिजमध्ये आहे... आपलं नाही."

"वरून नवे नियम येतीलच की."

"येऊ द्या. तोवर फ्रिज बंद राहील."

निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. त्या बैठकीला ताई नव्हत्या. मी त्यांचा मसुदा वाचून दाखवला. दुरुस्ती एकमताने मंजूर झाली.

गेल्या आठवड्यात गट सेलूला गेला. ताईंच्या मुलीने खुर्ची पाठवली होती. बहुतेक बायांनी होकार दिला. कलाबाईंनी सगळे ऐकून घेतले.

"तवा फुफाट्याचं बोलला होता. हे येगळं हाय. न्हाई."

त्यांचा नमुना नष्ट करण्यात आला. त्या आत बोलत होत्या तेव्हा मुकादम बाहेर निळ्या खुर्चीत चहा घेत होते.