नैऋत्येचं ओझं

एखाद्या विषयावर तीन व्हिडिओ पाहिले की माणूस जाणकार होतो. पिकअपला ट्रेलर जोडण्याच्या विषयावर मी अकरा पाहिले होते, तेव्हा पुढे जे झालं त्यात अज्ञानाचा काडीचाही दोष नाही.

नारायणगुड्यात आमचं टाइल्सचं दुकान आहे आणि माल पोचवायला एक पिकअप. ट्रेलर मात्र सुनंदाचा, म्हणजे माझ्या बायकोचा. बावीस वर्षं शाळेत शिकवून तिने नोकरी सोडली आणि चाकांवरचं एक स्वयंपाकघर बनवून घेतलं. लोकांच्या दारात जायचं आणि तव्यावरची पुरणपोळी थेट पानात वाढायची! पहिलीच ऑर्डर कुकटपल्लीहून आली. पुण्याहून आयटीत आलेल्या एका कुटुंबाची वास्तुशांत, साठ पानं, बरोबर बारा वाजता नैवेद्य.

"पहिली पोळी देवाला जायची आहे," सुनंदा मला रोज बजावायची. "एक वेळ देव थांबेल, पुणेकर थांबायचे नाहीत."

माझ्याकडे काम एकच होतं. ट्रेलर तिथे पोचवायचा.

आता हैदराबादेत टाइल्स विकणाऱ्याला वास्तुशास्त्र न येऊन चालत नाही. इथे गिऱ्हाईक आधी दिशा विचारतं, मग डिझाइन. त्यामुळे अंबरपेठेत आमच्या अंगणात ट्रेलर उभा राहिला तेव्हा मी मोबाइलमधलं होकायंत्र लावूनच आत शिरलो. शेजारचे रावगारू कुंपणावरून माझ्यावर लक्ष ठेवून होते (निवृत्त झाल्यापासून ते सगळ्या गल्लीवरच ठेवतात).

"बरुवंता नैरुति मूलके, सार!" ते ओरडले. म्हणजे, जड ते सगळं नैऋत्येच्या कोपऱ्यात.

"तेलुसंडी!" मी ऐटीत म्हणालो. मला माहीत नसायला काय झालं?

शेगडी आग्नेयेला. पाण्याची टाकी ईशान्येला (रिकामीच, पाणी तिकडे भरायचं होतं). आणि नैऋत्येला दगडी ग्राइंडर, फ्रिज, बिडाचे तवे, कणकेची पोती, तुपाचे डबे! आमचं फाटक पश्चिमेला, म्हणून ट्रेलरचं तोंड पश्चिमेला, आणि म्हणून ही नैऋत्य नेमकी पुढे, पिकअपच्या हुकाजवळ आली. ट्रेलर जोडल्याबरोबर पिकअपची मागची बाजू मटकन खाली बसली आणि शिंक येणाऱ्या माणसासारखं तिचं तोंड वर झालं.

"अहो, सामान जरा मागे सरकवा ना," सुनंदा म्हणाली.

"आणि नैऋत्य रिकामी ठेवू? पहिल्याच ऑर्डरला?"

"मग काय करणार?"

"सस्पेन्शन कमी पडतंय. अपग्रेड लागणार," मी म्हणालो. अकरा व्हिडिओंचं सार एका वाक्यात आलं होतं.

आमच्या गाड्या तीस वर्षं ख्वाजाभाई मेकॅनिक बघतात. ते पिकअपखाली शिरले, मागच्या चाकांवरचे पाटे (ओझं पेलणाऱ्या पोलादी पट्ट्या) ठोकून पाहिले आणि हात पुसत बाहेर आले.

"सेठ, पट्टे अच्छे हैं. टाइलां का इत्ता बोझा उठाते सो गाड़ी है ये. तुम सामान सब आगे ठूँस दिए. चक्कों के ऊपर सरकाओ, हो गया."

"सरकाना नक्को. पट्टे बढ़ाओ."

"कायकू?"

"वास्तू!"

ख्वाजाभाईंनी हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. "मेरे पास गाड़ी का इलाज है, सेठ. ये अलग बीमारी है."

काम नको म्हणणारा मेकॅनिक उभ्या हैदराबादेत मला एकच भेटला, आणि मी त्याचंही ऐकलं नाही! दोन्ही बाजूंना दोन-दोन जादा पाटे चढवून घेतले. ट्रेलर जोडला. पिकअप सपाट! मी विजयी मुद्रेने सुनंदाकडे पाहिलं. ती पुरणाची डाळ निवडत होती. रिकाम्या पिकअपचं मात्र काहीतरी बिनसलं. वाटेत बारीकसा खडा आला तरी मला सीटवरून उचलून ती त्याची माहिती देऊ लागली.

रविवार उजाडला. दहाला आम्ही निघालो. सस्पेन्शन ताठ झालं होतं, पण ओझं होतं तिथेच होतं, म्हणून पुढची चाकं हलकी ती हलकीच. मी स्टिअरिंग फिरवलं की पिकअप आधी विचार करायची, मग वळायची. सुनंदा दाराची कडी घट्ट धरून बसली होती.

"सगळं ठीक आहे ना?"

"एकदम! नवीन पाटे आहेत, जरा रुळू देत."

पुढच्याच गतिरोधकावर ते रुळले. पिकअप उडाली, तिच्यामागे ट्रेलर उडाला आणि आतून काहीतरी मोठं, पातळ असं ऐकू आलं. मी गाडी बाजूला घेतली. सुनंदाने ट्रेलरचं दार उघडलं. पहाटेपासून उकळलेली कटाची आमटी निम्मी पातेल्यात होती, निम्मी जमिनीवर.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. पळी घेऊन ती पातेल्यात उरलेली आमटी मोजू लागली. बावीस वर्षांनंतर तिने स्वतःसाठी म्हणून एवढी एकच गोष्ट मांडली होती, आणि ती माझ्या शहाणपणाने रस्त्यावर सांडली होती. मला फार वाईट वाटलं. घड्याळात साडेदहा झाले होते.

"ऊन कुठून येतंय?" तिने विचारलं. आवाज शाळेतला होता.

"उजवीकडून."

"सकाळची वेळ आहे. म्हणजे आपलं तोंड कुठे?"

"उत्तरेला."

"मग ट्रेलरची नैऋत्य आता कुठली?"

मी बोट वर करून हवेत फिरवलं. डावीकडे. मागे. तिथे तर शेगडी होती! आणि माझं सगळं जड सामान वायव्येला जाऊन बसलं होतं.

"घरून निघालो तेव्हा बरोबर होतं," मी म्हणालो.

"किती वेळ?"

"फाटकापासून... कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत."

अकरा व्हिडिओ, एक होकायंत्र आणि रावगारू! पण ज्याला चाकं असतात ते वळतं, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. मी सदरा खोचला. ग्राइंडर आणि फ्रिज ढकलत ढकलत चाकांवर आणले, पोती मागे टाकली. सुनंदाने जमीन पुसून काढली. त्यानंतर पिकअप अशी सरळ चालली, जणू तिला आजवर कुणी त्रासच दिला नसावा.

बाराला पाच कमी असताना पहिली पोळी देवापुढे गेली. सुनंदाने तेव्हा कुठे श्वास सोडला आणि मीही. उरलेल्या आमटीत तिने पाणी, चिंच, गूळ आणि काळा मसाला घालून साठ पानं निभावली. यजमानीणबाईंनी वाटी तोंडाला लावली. "आमटी जरा पातळ आहे, पण बरी आहे," त्या म्हणाल्या. (पुणेरी तोंडून 'बरी' म्हणजे पदकच!) जाताना त्यांनी बारशाची ऑर्डरही दिली.

दुसऱ्या दिवशी मी ख्वाजाभाईंकडे गेलो. मला पाहताच त्यांनी पाना उचलला. "निकालूँ?"

"हौ."

"और वास्तू?"

"नक्को."

काढलेले चारही पाटे मी घरी आणले. घराला काही चाकं नाहीत, तेव्हा ते निर्धास्तपणे नैऋत्येच्या कोपऱ्यात मांडले. संध्याकाळी दुकानातून परतलो तर सुनंदाने माझी आरामखुर्चीही तिथेच, पाट्यांना लागून ठेवलेली.

"जड आणि बिनकामाचं सगळं एका कोपऱ्यात असलेलं बरं," ती म्हणाली.

रावगारूंनी कुंपणावरून मान उंच करून पाहिलं आणि खुर्चीची जागा शास्त्राप्रमाणे अगदी बरोबर असल्याचं सांगितलं.