रेडिओचाचा आणि ती घूं

बिघडलेला रेडिओ चाचा आधी उघडत नसत, ऐकत. डोळे मिटून कान जाळीला लावायचे आणि आत काय बिनसलंय ते सांगायचे. लातुरात गोलाईच्या बाजारामागे त्यांचं दुकान होतं. दुरुस्तीला कुणी येईनासं झालं तेव्हा त्यांनी ते बंद केलं आणि घराच्या ओसरीवर स्वतःसाठी जुन्या रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बांधायला घेतला. मी शेजारी राहणारा, कॉलेजात फिजिक्स शिकवणारा. ते मला ‘सर’ म्हणत आणि रविवारी सकाळी हक्काने बोलावून घेत.

यंत्रात हात घालताना त्यांचा डावा हात कायम कुडत्याच्या खिशात असे. व्हॉल्व्हला लागणारी वीज माणूस मारण्याइतकी कडक; दोन्ही हात आत गेले तर झटका छातीतून जातो. “एक हात घरच्यांसाठी राखून ठेवायचा,” असं ते म्हणत.

अ‍ॅम्प्लिफायर वाजला गोड. पण गाणं थांबलं की मागे बारीक घूं राही, आणि चाचांना ती सहन होईना. त्यांनी व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारांना वेणीसारखा पीळ दिला, अर्थिंगच्या सगळ्या तारा एकाच बोल्टवर आणल्या, ट्रान्सफॉर्मर आडवा फिरवून बसवला. दर रविवारी घूं थोडी कमी होई. एका रविवारी मी स्पीकरला कान लावला, तर काहीच नाही.

“हाय ना सर अजून थोडी?” चाचांनी विचारलं.

मी गडबडलो. ज्यांच्या कानावर उभी गल्ली विसंबली, त्यांना नाही कसं म्हणायचं? मी म्हणालो, “हाव चाचा, किंचित आहे.”

त्या एका वाक्याने घात केला. चाचांनी चांगले जोड उचकटले, पुन्हा सोल्डरचे डाग दिले, कपॅसिटर बदलले, ट्रान्सफॉर्मर परत हलवला. दोन महिन्यांत तो मुका झालेला अ‍ॅम्प्लिफायर खरोखरच घुमू लागला. आज सांगायचंच, असं ठरवून मी जायचो आणि चहा पिऊन परत यायचो.

मग एका दुपारी वीज गेली. गल्लीतले पंखे, टीव्ही, सगळं गप्प झालं. चाचा पेचकस हातात धरून बंद यंत्राकडे बघत राहिले.

“लाईट गेली ना सर?”

“गेली.”

“मग हे कोण वाजून राहिलं?”

पेचकस खाली ठेवून त्यांनीच विचारलं, “तुम्हाला आधीपासून ऐकू येत नव्हतं ना?” मी मानेनेच हो म्हटलं. ते रागावले नाहीत.

“तेव्हाच सांगायचं होतं,” ते म्हणाले. “मशीन तरी वाचलं असतं.”

आवाज कानातच आहे, त्यावर औषध नाही, सवय करून घ्या, असं कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं. पुढे मुलगी त्यांना नांदेडला घेऊन गेली.

गेल्या जानेवारीत भेटायला गेलो. ऐन थंडीत खोलीत कूलर सुरू होता आणि चाचा शाल गुंडाळून त्याला अगदी खेटून बसले होते. मी काय बोलतोय ते त्यांना कळेना, म्हणून मी बटणाकडे हात नेला. त्यांनी माझं मनगट धरलं.

“राहू द्या सर. ह्याच्या आवाजात ती दबते.”

मी हात मागे घेतला आणि माझी खुर्ची त्यांच्या जवळ ओढली.