हेडलाइटातलं पाणी आणि माझी मिशी

हेडलाइटात पाणी कुठून शिरलं ते कोणालाच दिसत नाही. एक दिवस पाहावं तर अर्धा दिवा भरलेला! आमच्या दुकानातल्या किश्श्यांचंही तसंच आहे बाप्पा. कधी साचले, पत्ताच नाही.

दुकान अकोल्यात, जठारपेठेत. मी गाड्यांचे दिवे उघडतो, वाळवतो, पुन्हा चिकटवतो. पार्टनर गजू वायरिंग पाहतो. माझी शाळा सातवीपर्यंत. पुढं मास्तरांनीच हात जोडले. पण दुकानाची पाटी मी स्वतः रंगवली: "आम्ही चिकटवलेल्या हेडलाइटात पाणी दिसलं, तर बापू मिशी काढून देईल."

बापू म्हणजे मी. डोक्यावर टक्कल, पण मिशी अशी की लोक आधी तिला नमस्कार करतात, मग मला. गजूनं त्याच दिवशी ड्रॉवरमध्ये नवं ब्लेड आणून ठेवलं. म्हणतो, "मले घाई नाई बापू. पावसाळा दरवर्षी येते!"

*

शेजारचे गुरुजी पूजा सांगायला गावोगाव फिरतात. त्यांच्या गाडीच्या दिव्यात ओल धरायची, म्हणून त्यांनी घरीच उपाय केला. दिव्यामागं जेवढी भोकं दिसली, तेवढी सिलिकॉननं बुजवली. त्यात हवा खेळायचं भोकही गेलं! आतली ओल आतच कोंडली.

मी म्हटलं, "गुरुजी, दिव्यालेबी श्वास लागते. तुमी नाक दाबून बसा, म्हणजे समजते."

गुरुजी खरंच नाक दाबून बसले. लालबुंद झाले, हात सोडला आणि म्हणाले, "अरेरे! म्हणजे मी याला वर्षभर कुंभक करायला लावला!"

*

दिव्याची चिकटवलेली काच सुटायला दिवा तापवावा लागतो. आमची भट्टी बिघडली, तेव्हा मी बायकोचा, सुमनचा, केकचा ओव्हन गुपचूप दुकानात आणला. काम झाल्यावर पुसून जागच्या जागी ठेवला.

रविवारी नातवाचा वाढदिवस. केक कापला. पहिल्याच घासाला दिव्याच्या गोंदाचा वास! मलाच राहवलं नाही. म्हटलं, "सुमन, असा केक जिल्ह्यात नाई! मुसळधार पावसात ठेव, आत थेंब जायचा नाई!"

चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी एवढंच बोलली, "तुमच्या मिशीकडं पाहून लग्नाले हो म्हटलं होतं मी. तेवढी तरी जपा."

*

दर्यापूरकडच्या कमलबाई पिकअप स्वतः चालवत भाजी आणतात. त्यांचा दिवा उघडला तर आत पाणी, गाळ आणि चक्क मेथीचे चार कोंब!

"काय हो कमलबाई, दिव्यात वाफे करून राहिल्या का?"

बाईनं माझ्या टकलाकडं पाहिलं. "करीन नाई तं काय! दिव्यात उगवते तरी. तुमच्या डोक्यावर तं तेवढंबी नाई!"

गजू हसता हसता खालीच बसला.

*

अमरावतीचे एक वकीलसाहेब. त्यांचा दिवा मी दुरुस्त केला होता. एका थंड सकाळी तणतणत आले, "काचेवर वाफ आहे! पाटीप्रमाणे मिशी काढा!"

गजूनं ड्रॉवर उघडला.

मी दिवा लावला आणि साहेबांना चहा दिला. थेंब ओघळले तर ती गळती. नुसती वाफ दिव्याच्या उबेनंच उडून जाते. चहा संपेस्तोवर काच लख्ख!

वकीलसाहेब ओरडले, "तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत पुरावा नष्ट केला!"

पण जाताना चष्मा लावून त्यांनी पाटी दोनदा वाचली.

*

मी मात्र शेफारलो. भंगारातला एक हेडलाइट घेतला, चिकटवला, बल्बच्या भोकातून पाण्यानं भरला, त्यात दोन लाल मासोळ्या सोडल्या आणि दुकानाच्या दारात टांगला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागलो, "पाहा! थेंब बाहेर येत नाई, तर आत कसा जाईन?" लोक गाड्या थांबवून पाहू लागले.

आठवड्यानं वकीलसाहेब आले. आधी मासोळ्या पाहिल्या. मग पाटी पाहिली.

"बापू, हा हेडलाइटच ना?"

"मंग!"

"चिकटवला कोणी?"

"मी! या हातानं!"

"आत काय दिसतं?"

मी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. आतल्या मासोळ्याही तेच करत होत्या.

गजू ब्लेड घेऊन हजर! साबणाचा फेसही लेकानं करून आणलेला.

शब्द म्हणजे शब्द. दिली काढून.

संध्याकाळी घरी गेलो. ओठाला गार वारा लागत होता. बेल वाजवली. सुमननं दार अर्धं उघडलं, मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "ते घरी नाईत. दिव्याचं काम असंल तर दुकानात जा!"

आणि दार लावून घेतलं.