छगनभाऊ आणि तापीचा पूल

सुरतेच्या लिंबायतमध्ये छगन बोरसे कुठे राहतात म्हणून विचारलंत, तर लोक आधी हसतील आणि मग घर दाखवतील. हसतील ते प्रेमाने. कारण गेल्या वर्षी या गृहस्थांनी पोलीस ठाण्यात, साहेबांच्या टेबलासमोर बसून, तापीवरचा पूल आपणच चोरल्याचं कबूल केलं होतं. आणि त्या कबुलीमुळेच ते सुटले. ही गोष्ट सांगायची तर त्यांच्या मानेपासूनच सुरुवात करायला हवी.

छगनभाऊ शिरपूरकडच्या खेड्यातून सुरतेला आले ते थेट लूमच्या खात्यात. खातं म्हणजे यंत्रमागांची शेड. तिथे शंभरावर माग एकदम धडाडत असतात, शेजारी उभ्या माणसाचा शब्द कानापर्यंत येत नाही. म्हणून लूमवाले ओठांनी आणि हातांनी बोलतात. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. अंगठा तोंडाशी नेला की चहा आला. तर्जनी हवेत गोल फिरवली की पुन्हा सांग. एकतीस वर्षं छगनभाऊ असंच बोलले, आणि तेवढ्या वर्षांत मागांनी त्यांचे कान खाऊन टाकले.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. शेठला कळलं तर म्हातारा झाला, निरुपयोगी झाला म्हणून घरी बसवतील, ही धास्ती. झाकली मूठ सव्वा लाखाची! समोरच्याचे ओठ दिसले तर ते बरोबर उत्तर देत. नाही दिसले तर होकाराची मान हलवत. मान हलवली की बोलणारा खूश होतो आणि पुढे जातो, हा त्यांचा अनुभव होता. घरी मंगलाबाई चुलीकडे तोंड करून विचारायच्या, "भाजीमा मीठ कमी शे का?" छगनभाऊंची मान हले. "मंग जास्त शे का?" तरी मान हले. "नंदीबैल शे निस्ता," असं म्हणून त्या मीठ आपल्या मनाने घालायच्या. नवऱ्याला थोडं कमी ऐकू येतं एवढं त्यांना ठाऊक होतं. किती कमी, ते नव्हतं.

तर झालं असं, की एका सोमवारी सकाळी खातं उघडलं तेव्हा आतली तांब्याची जाड केबल गायब. कुलूप शाबूत. आणि कुलपाची चावी कुणाकडे? एकोणीस वर्षं छगनभाऊंकडेच. खात्यात सगळ्यांत विश्वासाचा माणूस म्हणून ती त्यांना दिलेली. पोलीस आले, त्यांनी छगनभाऊंना गाडीत घातलं, दुपारी अटकेचा कागदही केला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

साहेबांनी हात उगारला नाही, शिवी दिली नाही, हे आधी सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्या तोंडात तंबाखूचा मावा, नजर कागदात, ओठांवर झुपकेदार मिशी, आणि डोक्यावर खडखडणारा पंखा. छगनभाऊंना मिशी हलताना दिसे आणि ऐकू काहीच येत नसे.

"चावी तारी पासे हती ने?" मान हलली.

"बीजा कोईने आपी हती?" मान हलली.

"कोने?" पुन्हा मान हलली.

साहेबांनी पेन आपटलं. कुणाला दिली असं विचारलं तर हा माणूस हो म्हणतो! त्यांना वाटलं, गडी दिसतो तितका साधा नाही, बनेल आहे. "केबल तें लीधो?" केबल तूच घेतलीस का, असं त्यांनी विचारलं, आणि छगनभाऊंनी तेवढ्याच अदबीने मान हलवली. साहेब लिहू लागले.

काहीतरी बिघडतंय हे छगनभाऊंना कळत होतं. ते काही खुळे नव्हते. पण दाराबाहेरच्या बाकावर शेठ बसले होते. "साहेब, मला ऐकू येत नाही," एवढं मोठ्याने म्हणायचं, तर ते आधी शेठच्या कानावर जाणार. उद्या खात्याचं दार बंद. लेक हर्षदाच्या कॉलेजचं शेवटचं वर्ष, मंगलाबाईंचं दम्याचं औषध, सगळं ते चालवत त्या दोन मागांवर चाललेलं. भीतीने माणसाची अक्कल गहाण पडते. चोर ठरण्यापेक्षा बहिरा ठरण्याची भीती त्यांना जास्त वाटली, आता काय बोलायचं!

बाहेर मंगलाबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. लेक हर्षदा मात्र भिंतीवर लावलेलं सगळं वाचत सुटली होती. ती गुजरातीत शिकलेली. हरवलेल्यांचे फोटो, सूचना, आणि त्यांच्यामध्ये एक पिवळा पडलेला फलक: अटक झालेल्या माणसाला चौकशी चालू असताना वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, वकील करण्याची ऐपत नसेल तर सरकारकडून मोफत मिळेल. खाली नंबर. मंगलाबाई म्हणाल्या, "फुकटना वकील येस का कधी?" हर्षदाने नंबर लावलासुद्धा.

आणि वकील आली. दीड तासाने, स्कूटीवरून, हातात हेल्मेट. नाव स्वाती, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. साहेब म्हणाले, "बहेन, वकिलाचं काम कोर्टात. इथे काय?"

"साहेब, तुमच्या शेजारी दिवसभर बसायचा हक्क मला नाही," स्वाती शांतपणे म्हणाली. "पण चौकशी चालू असताना मला भेटायचा हक्क यांना आहे. तुमच्याच भिंतीवर लिहिलंय."

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तो फलक त्यांनी बहुधा वाचला नसावा. "दहा मिनिटं," ते म्हणाले.

खिडकीशी दोन खुर्च्या होत्या. स्वातीने एक-दोन प्रश्न विचारले, छगनभाऊंनी दोन्ही वेळा मान हलवली. तशी ती थांबली. त्यांच्याकडे बघत राहिली. मग खुर्ची ओढून अगदी समोर, उजेडाकडे तोंड करून बसली आणि आवाज न काढता, निव्वळ ओठांनी बोलली. खात्यात बोलतात तसं.

"बाबा, तुम्ही केबल लई गयात का?"

छगनभाऊ दचकले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांना कुणाचं तरी बोलणं समजलं होतं, तेही अहिराणीत. त्यांची मान आडवी हलली. "नही व माय! मी नही लई गऊ." आणि मग एकतीस वर्षं कोंडलेलं सगळं भडाभडा बाहेर पडलं. शनिवारी वायरमनने चावी मागितली, खात्यावर देखरेख करणाऱ्या गोपाल मास्तरांच्या देखत दिली, सोमवारी सकाळी त्याने परत आणून दिली. आणि कानांचंही सांगितलं. ते सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हे मी साहेबांना सांगू का?" तिने विचारलं. "शेठ बाहेर शेतस. त्यांना पण कळेल. तुम्ही नाही म्हणालात, तर कानांचं नाव काढणार नाही. दुसरी वाट शोधू."

छगनभाऊंनी दाराबाहेरच्या बाकाकडे पाहिलं. कुणी त्यांना असं विचारलंच नव्हतं आजवर. मग त्यांनी मान हलवली नाही. मोठ्याने, तोंडाने म्हणाले, "सांग, बेटा."

साहेबांना आधी ते पटेना. पकडला गेला की प्रत्येक जण बहिरा होतो, ते म्हणाले. स्वाती म्हणाली, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? आधी विचारत होता तसंच विचारा. कागदात बघून. तापीवरचा पूल यांनी चोरला का, म्हणून विचारा."

साहेबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग मान खाली घातली, मिशीतल्या मिशीत पुटपुटले, "तापीनो पुल तें चोर्यो?"

छगनभाऊंनी नम्रपणे मान हलवली.

दारातला शिपाई फिस्सकन हसला. साहेब हसले नाहीत. उठले, मावा थुंकून आले, खुर्ची फिरवून छगनभाऊंच्या समोर बसले आणि पहिल्यापासून एकेक प्रश्न सावकाश विचारू लागले. या वेळी 'कोने?' म्हटल्यावर उत्तर मिळालं. गोपाल मास्तरांना बोलावलं, त्यांनी तेच सांगितलं. दोन दिवसांनी वायरमन सापडला, केबल कतारगामच्या भंगारवाल्याकडे मिळाली. साहेबांनी मात्र छगनभाऊंना चौकशीच्याच दिवशी संध्याकाळी जामिनावर घरी पाठवलं. केसमधून नाव निघायला आणखी महिना गेला, त्या खेपाही स्वातीनेच घातल्या.

आणि शेठ? ठाण्याच्या पायरीवर छगनभाऊ हात जोडून उभे राहिले, तर शेठ ओरडून म्हणाले, "बहेरो छे तो शुं थयुं? मारा बधा कारीगर बहेरा छे!" सगळेच कारागीर बहिरे, हे ते ओरडून बोलले, कारण त्यांनाही कमीच ऐकू येत होतं. ज्या भीतीपायी माणूस तुरुंगाच्या दारापर्यंत गेला, तिची ही किंमत. मंगलाबाईंनी तेवढ्यात नवऱ्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "काबरं सांगं नही माले?" असं विचारून त्या रडायला लागल्या.

निरोप घेताना छगनभाऊंनी स्वातीला विचारलं, तू कसं ओळखलंस? ती हसली. तिचे वडील रामदास चौतीस वर्षं लूमवर होते, हल्लीच घरी बसलेले. "बारावी झाल्यावर मी विचारलं, बाबा, वकिलीला जाऊ का? त्यांनी मान हलवली. मी फॉर्म भरून आले. नंतर कळलं, त्यांनी ऐकलंच नव्हतं! घरात एवढं भांडण झालं. पण बाबा म्हणाले, मान हलवली ना मी? मग झालं."

त्यानंतरच्या रविवारी छगनभाऊ मंगलाबाईंनी केलेल्या पुरणाच्या मांड्यांचा डबा घेऊन पर्वत पाटिया भागात तिच्या घरी गेले. रामदास पलंगावर बसले होते. छगनभाऊ त्यांच्यासमोर बसले. काय काय बोलायचं ते वाटेत जुळवून ठेवलं होतं, आयत्या वेळी एकच वाक्य उरलं. आवाज न काढता, ओठ नीट उघडून ते म्हणाले, "तुमनी आंडेरनी माले वाचाडं." तुमच्या लेकीने मला वाचवलं.

रामदासांनी मान हलवली नाही. तर्जनी हवेत गोल फिरवली. पुन्हा सांग.

छगनभाऊंनी पुन्हा सांगितलं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते, तरी बोट पुन्हा गोल फिरलं. ते फिरणारं बोट पाहून स्वातीने समोर येऊन विचारलं, "बाबा, समजत नाहीये का?" छगनभाऊंना मात्र कळलं होतं, की यांना पहिल्याच खेपेला समजलंय. त्यांनी तिसऱ्यांदाही तितकंच सावकाश सांगितलं.